‘धजेना’चे इंग्रजी काय? खडकी, ५ नोव्हेंबर १८१७ आणि एका क्रियापदाचा न्याय

१/
आजच्या थ्रेडचा विषय खडकीची लढाई. फौजांची संख्या, तोफा, कोण कोठे पडले हे सारे ओघाने येईलच. पण मला मुख्यतः एका क्रियापदाविषयी बोलायचे आहे. ५ नोव्हेंबर १८१७ च्या दुपारी पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या बाजूने पुढे सरकत असताना स्वतः दुसरे बाजीराव पर्वतीवर होते. त्या वेळच्या त्यांच्या मनःस्थितीला नेमके काय म्हणावे? इंग्रजी इतिहासग्रंथांनी याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच देऊन टाकले. ते उत्तर आपण फार लवकर मान्य केले, असे माझे मत आहे. ते का, हे सविस्तर मांडतो.

२/
प्रथम थोडे स्वतःविषयी, कारण प्रश्न सुचला तो माझ्याच फजितीतून. मी इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी. जन्म आणि वाढ खडकीतली. आजोबांची सारी नोकरी येथल्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत झाली. गेल्या वर्षी एका चर्चासत्रासाठी मी १८१७ वर मराठीत टिपण लिहिले आणि मग ते इंग्रजीत उतरवले. मार्गदर्शकांनी ते परत दिले तेव्हा समासात एकच ओळ होती : “हा मनुष्य नऊ वेळा एकाच रीतीने थांबला काय?” मोजून पाहिले. दोन पानांत ‘हेझिटेट’ हा शब्द मी नऊ वेळा वापरला होता.

३/
मूळ मराठी टिपण उघडले, तर तेथे एकही शब्द दोनदा आलेला नव्हता. बाजीराव कोठे ‘मागेपुढे पाहत’ होते, कोठे ‘चालढकल करीत’ होते, कोठे ‘कचरले’ होते, आणि पर्वतीवर त्यांचे मन ‘धजेना’. लिहिताना मी विचारपूर्वक शब्द निवडले होते असेही नाही. मातृभाषेने ते आपोआप निवडून दिले होते. इंग्रजीत जाताना मात्र मी सगळ्यांना एकाच पोत्यात भरले. पोते बांधून झाल्यावर आत राहिले ते एकच : एक डळमळीत मनुष्य. मनुष्याच्या कृतींचा इतिहास लिहायला बसलो होतो, आणि लिहून झाले ते त्याच्या स्वभावाचे प्रमाणपत्र.

४/
मराठीतील ही क्रियापदे जरा वेगवेगळी करून पाहू. आपली भाषा थबकणाऱ्या माणसाला प्रथम विचारते की, बाबा, तुझे अडले कोठे? पाय अडला तर तो घुटमळतो, रेंगाळतो, अडखळतो. जीभ अडली तर तो चाचरतो, कां-कू करतो, आढेवेढे घेतो. हात अडला तर तो आखडता हात घेतो, चालढकल करतो, दिरंगाई करतो. डोळे अडले तर तो मागेपुढे पाहतो. काळीज अडले तर तो कचरतो, बिचकतो, कच खातो. आणि चार लोकांमुळे अडले तर तो संकोचतो, त्याला भीड पडते.

५/
म्हणजे ‘थांबणे’ एकच असले तरी त्यामागचे कारण क्रियापदातच बसलेले असते. घुटमळणाऱ्याला जायचे असते; दारापर्यंत येऊन तो तेथेच फेऱ्या घालतो. आढेवेढे घेणाऱ्याला बहुधा होच म्हणायचे असते, फक्त आग्रह हवा असतो. चालढकल करणाऱ्याला नको असते, पण नाही म्हणायचे नसते. कच खाणाऱ्याने आधी हिंमत बांधलेली असते आणि ऐन वेळी ती सुटते. यातले एक क्रियापद दुसऱ्याच्या जागी ठेवले, तर त्या माणसावर वेगळाच आरोप होतो. लग्नाच्या पंगतीत ‘त्याने जिलबी घेताना आढेवेढे घेतले’ म्हणणे आणि ‘त्याने कच खाल्ली’ म्हणणे यांत जेवढे अंतर, तेवढेच इतिहासातही.

६/
जुन्या मराठीत आणखी एक शब्द होता : दिक्कत. आज आपण तो हिंदीच्या वळणाने ‘अडचण’ या अर्थी ऐकतो. पण ‘बिनदिक्कत’ म्हणताना आपण अडचणीविषयी बोलत नसतो. मनात किंतु न ठेवता, बेधडक, असा त्याचा अर्थ होतो. येथली दिक्कत म्हणजे मनाची टोचणी, किंतु. मूळ शब्द बाजूला पडला आणि त्याचे नकारार्थी रूप तेवढे वापरात उरले. मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. मराठीच्या एकेका शब्दापुढे त्याला इंग्रजी प्रतिशब्दांची रांग का लावावी लागली, हे अशा शब्दांवरून समजते.

७/
इंग्रजी दरिद्री आहे, असा माझा मुळीच दावा नाही. वेव्हर, व्हॅसिलेट, फॉल्टर, डिमर, टेम्पराइझ, बॉक, हेम अँड हॉ : इंग्रजीतही भरपूर शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. ‘हेझिटेट’ ज्या लॅटिन धातूवरून आला, त्याचा अर्थ चिकटून राहणे, रुतणे. ‘व्हॅसिलेट’चा मूळ अर्थ हेलकावणे. म्हणजे एकात माणूस रुतलेला आहे आणि दुसऱ्यात तो झुलतो आहे. दोष भाषेचा नाही. हाताला येईल तो पहिला शब्द उचलणाऱ्या भाषांतरकाराचा आहे. तो मीही होतो, आणि माझ्या आधी पुष्कळ मोठी माणसे होती.

८/
आता ‘धजेना’कडे येऊ, कारण सारे प्रकरण येथेच अडले आहे. मराठीत ‘-एना’ असे एक रूप आहे : पाऊल उचलेना, शब्द फुटेना, मन धजेना, काही सुचेना. ‘पाऊल उचलले नाही’ हे विधान घडून गेलेल्या गोष्टीविषयीचे आहे. निकाल लागलेला आहे. ‘पाऊल उचलेना’ यात प्रयत्न अजून चालू आहे. माणूस उचलू पाहतो आहे, उचलले जात नाही, आणि पुढच्या क्षणी ते उचललेही जाईल. शिवाय ते ‘शकत नाही’ म्हणून की ‘इच्छा नाही’ म्हणून, हे रूप सांगत नाही. दोन्ही शक्यता ते तशाच ठेवते.

९/
इंग्रजीत ‘धजेना’ लिहायला गेलो की तीन दरवाजे समोर येतात : कुड नॉट, वुड नॉट, डिड नॉट. त्यांतला एक निवडल्यावाचून वाक्य पुढे जात नाही. पहिला निवडला तर दुर्बल, दुसरा निवडला तर नाखूश, तिसरा निवडला तर निकाल लागून मोकळे. मराठीने जो निवाडा राखून ठेवला होता, तो भाषांतरकाराला तेथल्या तेथे द्यावा लागतो. बहुतेक वेळा तो न्यायाधीश होण्याच्या तयारीने बसलेलाही नसतो.

१०/
ही गोष्ट मला मराठी व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवली नाही. ती समजली रशियनमुळे. पुण्यात रशियन शिकण्याची परंपरा जुनी आहे. मीही संध्याकाळच्या एका वर्गाला जातो. रशियन क्रियापदांच्या जोड्या असतात : एक चालू असलेल्या क्रियेसाठी, एक पूर्ण झालेल्या क्रियेसाठी. ‘नि रिशाल्सा’ म्हणजे मनाचा निश्चय करू पाहत होता, होत नव्हता. ‘नि रिशिल्सा’ म्हणजे निश्चय केलाच नाही, संपले. वर्गात हे कळले तेव्हा मी वहीच्या कडेला लिहिले : धजेना / धजला नाही. इंग्रजीत दोन्हींचे ‘डिड नॉट डेअर’ होते.

११/
रशियनांकडेही आपल्यासारखाच साठा आहे. ‘कलिबात्सा’ म्हणजे ज्योतीसारखे हेलकावणे. ‘म्यात्सा’ हे मळणे-चुरगाळणे या अर्थाच्या धातूवरून आले आहे. अवघडलेला माणूस जणू स्वतःलाच चुरगाळत उभा असतो. त्याच कुळातल्या दुसऱ्या शब्दाने या पायावरून त्या पायावर भार टाकत उभे राहणे सांगतात. ‘मेश्कत’ म्हणजे उगाच वेळ काढणे. ‘मेद्लित’ म्हणजे संथपणा करणे, विलंब लावणे. आणि ‘विझिदात’ म्हणजे योग्य संधी येईपर्यंत जाणूनबुजून वाट पाहणे. यांतल्या शेवटच्या दोन शब्दांवर १८१२ मध्ये एका सेनापतीची अब्रू टांगली गेली होती. खडकीच्या अवघी पाच वर्षे आधी.

१२/
नेपोलियन रशियात घुसला तेव्हा रशियन सेनापती बार्क्ले द टॉली मागे मागे हटत राहिला. सैनिकांनी त्याच्या नावाचा विनोद केला : ‘बल्ताय दा इ तोल्का’, म्हणजे नुसती बडबड आणि दुसरे काही नाही. मग कुतूझोव्ह आला. बोरोदिनोची लढाई झाली, पण पुढे त्यानेही मॉस्को सोडून दिले आणि माघार चालू ठेवली. त्याच्या छावणीत इंग्रजांचा प्रतिनिधी होता सर रॉबर्ट विल्सन. या माणसाला कुतूझोव्हचा संथपणा मुळीच सहन होईना, आणि त्याने आपला राग लिहूनही ठेवला. विल्सनच्या लेखी हा ‘मेद्लित’ होता. हिवाळ्यात नेपोलियनची फौज वितळली आणि त्याच विलंबाचे नाव ‘विझिदात’ झाले. पुढे टॉलस्टॉयने तर त्या वाट पाहण्यालाच शहाणपणाचे रूप दिले.

१३/
हे लक्षात ठेवून आता पुण्याला परत येऊ. येथेही छावणीत एक इंग्रज आहे आणि समोर विलंब लावणारा एक राजपुरुष. फरक एवढाच की येथला राजपुरुष हरला. त्याच्या विलंबाला दुसरे नाव देणारा टॉलस्टॉय कधी आला नाही. जिंकलेल्याच्या विलंबाला आपण धोरण म्हणतो आणि हरलेल्याच्या विलंबाला भित्रेपणा. क्रियापदाची निवड जर निकाल पाहून होत असेल, तर ते इतिहासलेखन नव्हे; निकालाची फक्त दुसरी प्रत.

१४/
पार्श्वभूमी थोडक्यात. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह. १८१५ मध्ये पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून आणि त्यावरून त्रिंबकजी डेंगळे यांची ठाण्यात कैद. १८१६ मध्ये त्रिंबकजींचे पलायन. १८१७ च्या मे महिन्यात सिंहगड, पुरंदर, रायगड हे किल्ले तारण म्हणून मागितले गेले आणि जूनमध्ये पुण्याचा तह लादला गेला. त्याने मराठेशाहीतले पेशव्यांचे अग्रस्थानच कागदावरून पुसले. ऑगस्टमध्ये माहुलीस सर जॉन माल्कम बाजीरावांना भेटले आणि पेंढाऱ्यांविरुद्ध फौज उभी करण्यास त्यांना उत्तेजन मिळाले. फौज उभी राहू लागली. ती कोणाविरुद्ध, हे पुण्यात लहान मुलालाही ठाऊक असावे.

१५/
ऑक्टोबर १८१७. संगमावर रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पलीकडे गारपिरावर इंग्रजांची पलटण. जनरल स्मिथची मोठी फौज पेंढाऱ्यांच्या मोहिमेसाठी दूर गेलेली. ग्रँट डफ सांगतो की महिन्याच्या शेवटच्या रात्रींत पेशव्यांच्या फौजेने गारपिराभोवती फास आवळत आणला होता. हल्ला आज होतो की उद्या, अशी स्थिती होती. बापू गोखले हल्ल्याला उत्सुक, आणि बाजीराव हो-नाही करीत होते. येथे डफ स्वतः साक्षीदार आहे. तो एल्फिन्स्टनच्या हाताखाली तेथेच होता. म्हणून त्याचा वृत्तांत मोलाचा. आणि म्हणूनच त्याचे शब्द तपासून घ्यायला हवेत.

१६/
कारण त्याच रात्री आणखी एक मनुष्य थांबलेला होता : स्वतः एल्फिन्स्टन. मुंबईहून युरोपियन पलटण यायची होती. आपण आधी हालचाल केली तर युद्ध आपणच ओढवून घेतले असे होईल आणि उत्तरेकडची सारी योजना बिघडेल, या विचाराने तो शेवटच्या क्षणापर्यंत जागचा हलला नाही. पलटण ३० ऑक्टोबरला पोहोचली आणि १ नोव्हेंबरला त्याने सैन्य गारपिरावरून खडकीस हलवले. पुढच्या इंग्रजी लेखनात या थांबण्याला शांतपणा, संयम, धीरोदात्तता अशी नावे मिळाली. त्याच पंधरवड्यात, त्याच शहरात, तेवढ्याच अनिश्चिततेत केलेल्या बाजीरावांच्या थांबण्याला मात्र भीरुता.

१७/
गंमत अशी की चुकीचे भाषांतर दोन्ही बाजूंनी झाले. गारपीर सोडून इंग्रज खडकीस गेले, हे पाऊल पुण्यात भयाचे मानले गेले, असे डफच्या वृत्तांतातून दिसते. त्यांनी कच खाल्ली, असा अर्थ आपल्या लोकांनी लावला. वास्तविक ते सोयीची जागा धरत होते. शत्रूच्या थांबण्याला चुकीचे क्रियापद लावण्याची किंमत चार दिवसांत चुकती करावी लागली. भाषांतर हा ग्रंथालयातला नाजूक छंद आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला मी हे उदाहरण देतो.

१८/
आणि बाजीरावांना वाट पाहण्यास काही कारण होते काय? होते. इंग्रजांच्या पलटणीतले शिपाई फितवण्याचे प्रयत्न चालू होते. नागपूरकर भोसले, होळकर, शिंदे यांच्याशी संधान बांधलेले होते. सगळे एकाच वेळी उठले, तरच आशा होती. प्रत्यक्षात काय झाले? दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरचा तह मान्य केला तो ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, म्हणजे नेमका खडकीच्या दिवशी. सीताबर्डीची लढाई २६-२७ नोव्हेंबरला आणि महिदपूरची २१ डिसेंबरला. बाकीचे उठले, पण एकेकटे आणि वेगवेगळ्या तारखांना. वाट पाहण्याचा हिशेब चुकला. पण चुकलेला हिशेब हाही हिशेबच असतो. त्याला थरकाप म्हणता येत नाही.

१९/
आता तो दिवस. ५ नोव्हेंबरला दुपारी एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून नदी ओलांडून सैन्याला मिळाला. मागे रेसिडेन्सी पेटली; त्याचा ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रे जळाली. इंग्रजांकडे सुमारे २,८०० माणसे होती. डफच्या अंदाजाने पेशव्यांकडे १८,००० घोडदळ, ८,००० पायदळ आणि १४ तोफा. पुढे सरकणाऱ्या त्या फौजेला डफने खंबायतच्या आखातातील भरतीच्या उसळत्या लाटेची उपमा दिली आहे. इंग्रज सेनापती होता लेफ्टनंट कर्नल बर. मराठी फौजेचे नेतृत्व बापू गोखल्यांकडे आणि जरीपटका मोरोपंत दीक्षितांकडे.

२०/
आणि येथे तो प्रसिद्ध प्रसंग येतो. डफच्या म्हणण्यानुसार ऐन वेळी पर्वतीवरून बाजीरावांनी गोखल्यांना निरोप धाडला : पहिली तोफ आपल्याकडून सुटू नये. जासूद येतो आहे हे कळताच, निरोप काय असणार हे ओळखून गोखल्यांनी तो पोहोचण्याआधीच तोफा सुरू केल्या. पर्वती ते खडकीचा माळ म्हणजे सरळ रेषेत सात किलोमीटर. त्या सात किलोमीटरांवर दोन क्रियापदे एकमेकांच्या मागे धावत होती : एक ‘धजेना’, आणि दुसरे ‘थांबेना’.

२१/
डफ या निरोपाकडे बाजीरावांच्या जन्मजात भित्रेपणाचा पुरावा म्हणून पाहतो. मी तोच निरोप पुन्हा वाचतो. ‘लढू नका’ असे त्यात नाही. ‘मागे फिरा’ असे नाही. पहिला वार आपला नसावा, एवढेच आहे. आणि पहिला वार आपला नसावा, हीच तर एल्फिन्स्टनची गेल्या पंधरवड्याची चिंता होती! एकाच्या बाबतीत ती मुत्सद्देगिरी ठरते आणि दुसऱ्याच्या बाबतीत भीरुता. मला बाजीरावांच्या मनात शिरून पाहता येत नाही. त्यांना भीती वाटलीच नसेल असेही मी म्हणत नाही. म्हणूनच मला येथे ‘धजेना’ हवे आहे. ते भीतीही नाकारत नाही आणि हिशेबही नाकारत नाही.

२२/
लढाईचा शेवट आपल्याला ठाऊक आहे. गोखल्यांच्या घोडदळाची धडक इंग्रजांच्या डाव्या बगलेकडे जात असताना वाटेत दलदल लागली. घोडी रुतली आणि वेग मोडला. मोरोपंत दीक्षित पडले. संध्याकाळी पेशव्यांची फौज मागे वळली. इंग्रज कागदपत्रांनुसार त्यांची मृत-जखमी मिळून ८६ माणसे, तर पेशव्यांची सुमारे ५००. १३ नोव्हेंबरला स्मिथ परतला, येरवड्याजवळ पुन्हा झुंज झाली आणि १७ तारखेला पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्या दिवशी खडकीत शब्दशः रुतले ते घोडदळ, पेशवे नव्हेत. ग्रंथांत मात्र रुतून बसले आहेत ते पेशवेच.

२३/
हा शब्द आपल्यापर्यंत परत कसा आला, हेही पाहण्यासारखे आहे. डफचा तीन खंडांचा ग्रंथ १८२६ मध्ये लंडनला निघाला. थोड्याच वर्षांत कॅप्टन डेव्हिड केपन याने तो मराठीत आणला आणि त्याला नाव मिळाले ‘मराठ्यांची बखर’. म्हणजे मराठी माणसांच्या मनःस्थिती इंग्रजीत गेल्या, तेथे त्यांचे स्वभावविशेष झाले आणि ते स्वभावविशेष मराठी वेष घालून, ‘बखर’ हे घरचे नाव धारण करून परत आले. त्यावर आपली शाळा शिकली. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणाने डफवर जाहीर टीका केली, तेव्हा मराठी इतिहाससंशोधनात नवे वारे शिरले. आपल्यापैकी बहुतेकांच्या वयाचाच होता तो.

२४/
येथे एक प्रामाणिक आक्षेप घ्यायला हवा, नाहीतर कोणीतरी घेईलच. ‘पळपुटा बाजीराव’ हे इंग्रजीचे भाषांतर आहे काय? नाही, ते अस्सल मराठी बोल आहेत. १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईनंतर बाजीराव पुणे सोडून गेले, हे खरे. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले लढता लढता पडले आणि पेशवे तेथून निसटले, हेही खरे. जूनमध्ये माल्कमपुढे शरण जाऊन आठ लाखांचा तनखा घेऊन ते ब्रह्मावर्तास गेले, हेही खरे. लोकांनी दिलेली ही पदवी मी पुसायला निघालेलो नाही. बाजीरावांची वकिली करण्याची मला हौसही नाही.

२५/
माझे म्हणणे एवढेच की आरोप नेमका करावा. तीन तारखांना तीन क्रियापदे लागतात. ऑक्टोबर १८१७ मध्ये बाजीराव चालढकल करीत संधी पाहत होते. त्याला इंग्रजीत ‘टेम्पराइझ’ हा अगदी चपखल शब्द आहे. ५ नोव्हेंबरला पर्वतीवर त्यांचे मन धजेना. त्यासाठी ‘कुड नॉट ब्रिंग हिमसेल्फ टु’ ही रचना पुष्कळ जवळ जाते, कारण तीत प्रयत्न चालू असल्याची खूण राहते. आष्टीला त्यांनी कच खाल्ली. तेथे ‘लॉस्ट हिज नर्व्ह’ म्हणा, माझी हरकत नाही. पण आष्टीचे क्रियापद ऑक्टोबरात नेऊन बसवू नका. तसे केले की लढाईच्या आधीच पराभव लिहून होतो, आणि मग शिंद्यांचा तह, दूर गेलेला स्मिथ, दलदल ही सारी कारणे वाचकाला अनावश्यक वाटू लागतात. ‘राजा भित्रा होता’ एवढ्यावर इतिहास संपतो.

२६/
म्हणून मी आता स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. पटल्यास आपणही घ्या. थांबलेल्या माणसाविषयी लिहिताना तीन प्रश्न : अडले कोठे? पाय, जीभ, हात की काळीज? अडले कशाने? भयाने, भिडेने की हिशेबाने? आणि अडणे चालू होते की संपले होते? तिन्हींची उत्तरे कागदपत्रांतून मिळत असतील, तर त्या उत्तरांचे क्रियापद वापरावे. मिळत नसतील, तर ‘-एना’सारखे निवाडा राखून ठेवणारे रूप शोधावे. आणि क्रियापदाचे विशेषण करण्याआधी दहा वेळा विचार करावा. ‘तो थांबला’ आणि ‘तो थांबणारा आहे’ यांत एका आयुष्याचे अंतर असते. रशियन म्हण सांगते : सात वेळा मापा, एकदा कापा.

२७/
शेवटी पुन्हा घराजवळ येतो. खडक म्हणून खडकी. इंग्रजांच्या जिभेवर तिचे ‘किर्की’ झाले आणि नावातला दगडच नाहीसा झाला. ज्या गणेशखिंडीच्या बाजूने ती लाट उतरली, तेथे आज विद्यापीठ आहे. माझा वर्ग तेथेच भरतो. टिपण दुसऱ्यांदा दिले तेव्हा मी त्यात ‘हेझिटेट’ एकदाच ठेवला होता, तोही दलदलीत रुतलेल्या घोडदळासाठी. मार्गदर्शक काही बोलले नाहीत. पान उलटून पुढे वाचू लागले. आजोबांना मात्र मी सारी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “म्हणजे दोनशे वर्षं तो माणूस पर्वतीवरच बसलाय, आणि तुम्ही लोक अजून तळ्यात-मळ्यात!”

२८/
थ्रेड येथे संपतो. तपशिलात चूक आढळल्यास अवश्य दाखवून द्यावी; आनंदाने दुरुस्त करीन. आणि एक विनंती : आपल्या घरात, गावात, बोलीत थबकण्यासाठी जे शब्द असतील, ते खाली लिहा. वऱ्हाडी, खानदेशी, मालवणी, कोल्हापुरी, सगळे हवेत. त्यासोबत तो माणूस का थांबला, हे सांगणारे एक वाक्यही द्या. पुढे एखादा विद्यार्थी १८१७ वर इंग्रजीत लिहायला बसेल, तेव्हा त्याच्या हाताशी नऊ वेळा तोच शब्द असण्यापेक्षा नऊ शब्द असलेले बरे.